‘नवसंशोधन’ : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये राज्यातील विद्यापीठांत एक नवे संचालकपद आले. इंग्रजीत त्याच्या नावात तीन शब्द आहेत : इनोव्हेशन, इन्क्युबेशन आणि लिंकेजेस. विद्यापीठांच्या मराठी व्यवहारात ते ‘नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य’ या नावाने वावरते. विद्यार्थ्याने शिकता शिकता अथवा शिक्षण संपताच स्वतःचा उद्योग उभा करावा आणि विद्यापीठाने त्यास त्या कामी हात द्यावा, हा या खटाटोपामागील एक प्रमुख हेतू. या तीन शब्दांपैकी मधल्याचाच विचार येथे करावयाचा आहे. उद्योग उभारणीच्या दृष्टीने खरा भार त्या शब्दावर आहे आणि भाषांतरात नेमका तोच गळाला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पहिल्या व तिसऱ्या शब्दाविषयी फारशी तक्रार नाही. ‘नवोपक्रम’ सुबोध आहे. शासकीय लिखाणात रूढ झालेल्या ‘नाविन्यता’ या रूपापेक्षा तर तो शतपटीने बरा. ‘नावीन्य’ हेच मुळात भाववाचक नाम असता त्यास पुन्हा ‘ता’ जोडणे म्हणजे टोपीवर टोपी घालणे होय. ‘साहचर्य’ हा शब्द न्यायशास्त्रातून आलेला, धूर आणि अग्नी यांच्या नित्य सोबतीचा. विद्यापीठ व उद्योग यांच्या संबंधास तो शोभतो. ते साहचर्य तितके नित्य आहे की नाही, हा प्रश्न वेगळा.

‘इन्क्युबेशन’चे मात्र तसे नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘वर पडून राहणे’, म्हणजे पक्षिणीने अंड्यावर बसणे. उद्योगाच्या संदर्भात हा शब्द कसा आला, ती हकीकत मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया या गावी मॅसी-हॅरिस कंपनीचा शेतीयंत्रांचा प्रचंड कारखाना बंद पडला व गावावर बेकारीचे संकट आले. १९५९ साली जोसेफ मँकुसो यांनी ती रिकामी इमारत हाती घेतली. सगळी इमारत भाड्याने घेईल असा एकच मोठा कारखानदार मिळेना, तेव्हा त्यांनी तिचे भाग पाडून लहान लहान उद्योगांना जागा दिली आणि जागेबरोबर सल्ला व भांडवल मिळविण्यास साहाय्यही दिले. या आरंभीच्या भाडेकरूंत कोंबडीची पिल्ले उबवणारा एक व्यवसाय होता. त्यावरून मँकुसो विनोदाने म्हणू लागले की, आपण येथे उद्योग उबवतो. जगभर गेलेली ही परिभाषा अशी एका पडक्या कारखान्यातील पिल्लांच्या चिवचिवाटातून जन्मली. तिच्यात ऊब आहे, मुदत आहे, आणि कवच फोडून बाहेर येणारा जीव अखेर स्वतःच बाहेर येतो ही जाणीवही आहे.

‘नवसंशोधन’ या शब्दात यांतले काय उरले? ऊब गेली, मुदत गेली, जीवही गेला. उरले ते संशोधन, जे विद्यापीठ आधीपासूनच करीत होते. शब्दाने काय बिघडते, असे कोणी विचारील. शब्द कामाची मोजणी ठरवितो, हे त्यास उत्तर आहे. संशोधन म्हटले की शोधनिबंध, स्वामित्वहक्काचे अर्ज आणि स्पर्धेतील पारितोषिके मोजणे ओघानेच येते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीचा वा सेनगावचा एखादा विद्यार्थी, घरी दोन एकर हळद असलेला, जो प्रश्न घेऊन येईल तो या मोजणीत बसत नाही. हळद शिजविण्याचे यंत्र व पॉलिशचा ड्रम घेऊन गावची हळद भाड्याने करून द्यावी, पुढे भुकटी करून विकावी, एवढाच त्याचा बेत. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाचा लाभ कच्चा माल विकणाऱ्यास किती आणि पक्का करणाऱ्यास किती, हे त्यास आपल्यापेक्षा अधिक कळते. पहिले गिऱ्हाईक कोण, उधारी किती दिवस सोसावयाची, पहिला हंगाम बुडाला तर बँकेचा हप्ता बापाच्या सातबाऱ्यावर चढणार काय, हे त्याचे प्रश्न आहेत. यांत ‘नव’ थोडे आणि ‘संशोधन’ त्याहून थोडे.

आश्चर्य हे की, ज्या शब्दासाठी भाषांतरकार संस्कृतात गेले, तो व्यवहार या जिल्ह्याच्या शेतात दर वर्षी घडतो. हळदीची काढणी झाली की निवडक जेठे गड्डे बेण्यासाठी बाजूस काढतात. भाव कितीही चढला तरी जाणता शेतकरी त्यांस हात लावीत नाही. झाडाच्या सावलीत ढीग रचून, पाल्याने झाकून, ते दोन-अडीच महिने ठेवतात. सुप्तावस्था सरून डोळे फुटू लागले की लागवड. कुजका गड्डा वेळीच निवडून टाकतात, पण त्यासाठी सारा ढीग उकिरड्यावर नेत नाहीत. बटाव्हियाच्या मँकुसोंनी शेजारच्या खुराड्यातून शब्द उचलला. आपणांस तो वसमतच्या शिवारातून उचलता आला असता. उलट वसमतला जे संशोधन केंद्र मंजूर झाले, त्याच्या नावात ‘हरिद्रा’ घालून कंसात ‘हळद’ लिहावे लागले. आपल्याच पिकाचे नाव आपल्याच शेतकऱ्यास कंसात समजावून सांगण्याचा हा प्रकार मौजेचा खरा, पण वृत्ती तीच.

हा व्यवहार महाराष्ट्रास अपरिचितही नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत अध्यापक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर तयार केला, तर लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईना. नगरपालिकेच्या विस्तारात बेळगावची जागाही गेली. तेव्हा औंध संस्थानच्या (आपले औंढा नव्हे, साताऱ्याकडील औंध) पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ व कर्जाऊ रक्कम दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगराची कल्पना त्यापूर्वीच पुरी झाली होती. पंतप्रतिनिधींनी दिले ते स्थैर्य आणि अवधी. आपल्या उद्योगचरित्रांत नायकाच्या जिद्दीला पाने लाभतात आणि या सावलीला एखादा परिच्छेद, ही त्याच दृष्टिदोषाची वाङ्मयीन बाजू म्हणावी लागेल.

बेण्याच्या उपमेवर एक आक्षेप रास्त आहे. हळदीचे बेणे त्याच वाणाची हळद देते. त्यातून नवे काही उपजत नाही. उद्योगात नावीन्य हवे असेल तर ही उपमा अपुरी पडते. पण नावीन्याचा भार पहिल्या शब्दाने, नवोपक्रमाने, वाहिलाच आहे. मधल्या शब्दाने जे उपजले ते टिकवावयाचे आहे. त्यासाठी ‘बेणेघर’ असा शब्द घडविण्याचा मोह होतो, तो आवरावा हे बरे. मराठीत ‘जोपासना’ हा शब्द आहे. रोपाची, लेकराची, कलेची आपण जोपासनाच करतो, आणि तिला किती काळ लागतो हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही. ‘नवोपक्रम, जोपासना व साहचर्य’ ही पाटी सेनगावच्या विद्यार्थ्याने वाचली, तर आत गेल्यावर काय मागावयाचे हे त्यास दारातच कळेल. आणि आत बसलेल्यासही आपणाकडे काय मागितले जाणार याचा अंदाज येईल.