वामनच्या नावाचा सातबारा

देवगाव रंगारीच्या एका शाळेत आम्ही विज्ञानकथांवर बोलत होतो. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी काही मुलांनी वाचली होती. दहावीतल्या एकाने विचारले, “सर, वामन एवढा हुशार, तर त्याच्या नावावर जमीन होईल का?” वर्गात हशा पिकला.

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कादंबरीत एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान उत्खननात हाती येते आणि त्यातून वामन हा यंत्रमानव घडतो. त्याला स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करू द्यावेत का, हा खरा पेच. नारळीकर तो शास्त्रज्ञाच्या शिस्तीने मांडतात. यंत्राभोवतीच्या माणसांचा लोभही झाकत नाहीत. मात्र सारा भर धोक्यावर. वामनचे आपण काही देणे लागतो का, इकडे कथा फारशी वळत नाही, ही आम्हाला उणीव वाटते. ‘रोबॉट’ हा शब्दच मुळी कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातला, आणि तो चेक भाषेतल्या वेठबिगारीच्या शब्दावरून घडवलेला!

आयझॅक असिमोव्ह यांची ‘द बायसेन्टेनियल मॅन’ (१९७६) दुसऱ्या टोकाची. तिच्यातला अँड्र्यू हा यंत्रमानव कोर्टातून स्वातंत्र्य मिळवतो आणि शेवटी माणूस ठरण्यासाठी मरण पत्करतो. वाचताना गलबलून येते. पण कायद्याचा धडा म्हणून ती फसवी आहे. कायद्याच्या लेखी ‘व्यक्ती’ व्हायला मन लागत नाही, मर्त्य असावे लागत नाही. आपल्याकडे देवतेची मूर्ती कायदेशीर व्यक्ती असते, देवस्थानाची जमीन तिच्या मालकीची असू शकते. पुजारी हा केवळ व्यवस्थापक, मालकाच्या रकान्यात नाव देवतेचेच हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सांगितले. कंपनीही अशीच व्यक्ती. तिला जाणीव आहे का, असे कोणी विचारत नाही.

तेव्हा कायदा केला तर वामनच्या नावाचाही सातबारा निघेल. आज तसा कायदा नाही. अडचण वेगळीच आहे. चालकाविना चालणाऱ्या ट्रॅक्टरने शेजाऱ्याचा मका तुडवला आणि ट्रॅक्टरच ‘व्यक्ती’ ठरला, तर भरपाई कोणाच्या खिशातून? युरोपीय संसदेने २०१७ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ या कल्पनेचा विचार व्हावा असे सुचवले, तेव्हा दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी २०१८ मध्ये पत्र लिहून विरोध केला. निर्माते हात झटकून मोकळे होतील, ही त्यांची एक भीती होती. विज्ञानकथांत यंत्राचा वकील भेटतो. तुडवलेल्या मक्याचा मालक क्वचितच.

हे सारे त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, “मग सोसायटीचं कर्ज थकलं तर नोटीस कुणाला?”