११८ पडदे आणि एक सारणी

वैराग (ता. बार्शी) येथील एका शाळेत वापरला जाणारा मूलद्रव्यांवरचा संगणकीय पाठ आम्ही नुकताच पाहिला. ११८ मूलद्रव्ये, प्रत्येकाला एक स्वतंत्र पडदा. त्यावर नाव, संज्ञा, अणुअंक, अणुवस्तुमान व उपयोग. खाली 'मागे' आणि 'पुढे' ही दोन बटणे. माहिती बिनचूक आहे, अक्षर शेवटच्या बाकावरूनही वाचता येते. मुलांची नजर एका जागी राहते, हा या मांडणीचा गुण मान्य करायला हवा.

तरीही आमचा आक्षेप मांडणीलाच आहे. लिथिअमचा अणुअंक ३, सोडिअमचा ११ आणि पोटॅशिअमचा १९. तिन्ही मऊ धातू. तिन्ही पाण्यातून हायड्रोजन मुक्त करतात. हे साम्य पाहण्यासाठी आठ वेळा 'पुढे' दाबायचे, मग पुन्हा आठ वेळा. तोवर पहिला पडदा कोणाच्या लक्षात राहणार? अल्पकालीन स्मृतीत सुमारे सात घटक मावतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा चारच्या आसपास आणली. तेव्हा दोष मुलांच्या लक्षाला देऊ नये.

आता हीच अणुवस्तुमाने फळ्यावर शेजारी शेजारी लिहा: ६.९, २३.० आणि ३९.१. पहिल्या व तिसऱ्याची सरासरी २३! डोबरायनरचे त्रिक विद्यार्थी स्वतः शोधून काढतील.

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली ती सर्व ज्ञात मूलद्रव्ये एकत्र पाहूनच. तिच्यात त्याने काही जागा मोकळ्या सोडल्या. ॲल्युमिनिअमशी साम्य असणाऱ्या एका अज्ञात मूलद्रव्याचे अणुवस्तुमान सुमारे ६८ असेल, असे भाकीत त्याने केले. १८७५ मध्ये गॅलिअम सापडले. त्याचे अणुवस्तुमान ६९.७ आहे. 'पुढे' दाबल्यावर मोकळी जागा कधीच येत नाही, पुढचे मूलद्रव्य येते. म्हणजे या शोधाचा गाभाच पाठातून निसटतो.

एकेक पडदा सर्वत्र वाईट असे नाही. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी तयार करण्याच्या पायऱ्या अशाच दाखवाव्यात, कारण तेथे क्रम हाच आशय असतो. २०१९ पासून संगणकावर होणाऱ्या एमएचटी-सीईटीतही एका वेळी एकच प्रश्न दिसतो. पण सर्व प्रश्नांचे क्रमांक बाजूला असतात, त्यामुळे आपण कोठे आहोत हे कळते.

हा पाठ टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्याला पहिला पडदा म्हणून संपूर्ण आवर्तसारणी जोडावी आणि प्रत्येक मूलद्रव्यावरून तिच्याकडे परतण्याची सोय ठेवावी. तोपर्यंत शिक्षकांनी पहिल्या वीस मूलद्रव्यांची पुठ्ठ्याची कार्डे करून मुलांकडून जमिनीवर मांडून घ्यावीत. मग एक कार्ड गुपचूप काढावे आणि विचारावे, येथे कोण असेल, आणि कशावरून?