त्वचा, स्पर्श आणि अधिकार : देहचित्रणाच्या समीक्षेतील एक प्रश्न

देहचित्रण या कलाप्रकाराकडे आपली समीक्षा सहसा दोन बाजूंनी पाहते. मळवट, भंडारा, गोंदण यांची दखल लोकसंस्कृतीचे अभ्यासक घेतात. तेथे रंगवलेला देह हा विधीचा एक घटक असतो. आधुनिक कलावंताने माणसाच्या अंगावर चित्र काढले, की मात्र ती 'सामाजिक जाणिवेची कला' ठरते आणि त्या चित्रातून कोणता आशय व्यक्त झाला, याचा शोध सुरू होतो. पहिल्या दृष्टीत कला हरवते आणि दुसरीत देह. या दोहोंच्या मधली जागा शोधण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे. गोंदण बाजूला ठेवतो. ते माणसाबरोबर सरणापर्यंत जाते. देहचित्र दुसऱ्या दिवशी पुसले जाते, आणि हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे.

'देह ही एक संहिता आहे' हे वाक्य चिन्हमीमांसेच्या प्रभावाखाली आपल्या चर्चासत्रांत इतके रुळले आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. संहितेला वाचक असतो. पण वाचकाने आपल्याला वाचू द्यावे की नाही, हे संहिता ठरवत नाही. देह ते ठरवू शकतो, निदान त्याने ते ठरवावे अशी अपेक्षा असते. तो श्वास घेतो, थरथरतो, घामाने रंग ओघळू देतो, आणि पाहणाऱ्याकडे उलट पाहतो. कॅनव्हास किंवा कागद यांपैकी काहीच करत नाही. तेव्हा देह हे माध्यम इतर माध्यमांसारखेच एक माध्यम आहे, असे गृहीत धरून केलेली समीक्षा पहिल्याच पावलावर अडखळते.

अडखळण्याचे कारण सौंदर्यशास्त्राच्या परंपरेत आहे. हेगेलने आपल्या सौंदर्यशास्त्रावरील व्याख्यानांत कलेचा संबंध दृष्टी आणि श्रवण या दोनच संवेदनांशी जोडला. गंध, रुची व स्पर्श यांना त्याने कलेच्या प्रांताबाहेर ठेवले. स्पर्शात वस्तूशी प्रत्यक्ष व्यवहार होतो आणि कलावस्तूला तर आपल्यापासून स्वतंत्र राहू द्यावयाचे असते, असा त्यामागील विचार आहे. आपल्याकडील अलौकिकतावादी भूमिकेने हा विचार वेगळ्या शब्दांत स्वीकारला. देहचित्रण मात्र स्पर्शाशिवाय होऊच शकत नाही. रंगवणारे बोट आणि रंगवून घेणारी त्वचा यांच्यातील व्यवहार हाच येथे कलाकृतीचा पहिला प्रसंग होय. पाहणारा नंतर येतो.

क्लोद लेव्ही-स्ट्रॉसचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९३५-३६ मध्ये ब्राझीलमधील कादुवेओ लोकांत तो राहिला. तेथील स्त्रिया जेनिपापो या फळाच्या रसाने चेहऱ्यावर आकृत्या काढीत. हा रस लावताना जवळजवळ रंगहीन असतो आणि हवेने काळा-निळा होतो. कच्चे रेखाटन नाही, समोर नमुना नाही. बांबूची बारीक काडी हाती घेऊन थेट चेहऱ्यावर काम. रेषा चेहऱ्याची समरूपता मोडीत तिरप्या जात. लेव्ही-स्ट्रॉसने या स्त्रियांना कागद दिले आणि आकृत्या त्यांवर काढावयास सांगितल्या. सुमारे चारशे रेखाटने जमली, आणि त्यांतील कोणतीही दोन सारखी नव्हती. या सामग्रीवरून त्याने काढलेला निष्कर्ष 'त्रिस्त त्रोपिक' (१९५५) या ग्रंथात आला. कादुवेओ समाज उतरंडीच्या वर्गांत विभागलेला होता. शेजारच्या समाजांनी ही विषमता द्विदल रचनेने काहीशी झाकली होती, कादुवेओंना ते साधले नाही. जी व्यवस्था ते समाजात आणू शकले नाहीत तिचे स्वप्न त्यांच्या स्त्रिया चेहऱ्यावर रेखाटीत राहिल्या, असे त्याचे प्रतिपादन आहे.

आशयशोधक समीक्षेला हे विवेचन आजही बरेच काही शिकवू शकते. सामाजिक जाणीव चित्राच्या विषयात नसून त्याच्या रचनेत असू शकते, हे त्याने दाखवून दिले. पण ज्या चारशे कागदांवर हे विवेचन बरेचसे उभे आहे, त्यांवर चेहरा नाही. कोणी कोणाचा चेहरा रंगवला, रंगवताना काय बोलणे झाले, नकार कोणाला देता येत होता, हे प्रश्न कागदावर उतरताच संपले. संरचना हाती आली, पण ती ज्या व्यवहारात जगत होती तो व्यवहार सुटला. आपल्या लोकसाहित्याच्या संकलनातही असेच घडत आले आहे. ओवी वहीत आली, जात्याची घरघर बाहेर राहिली. असो.

युरोप-अमेरिकेतील आधुनिक कलेने देहाला पुन्हा रंगाजवळ आणले तेव्हा हाच प्रश्न उघडा पडला. ९ मार्च १९६० रोजी पॅरिसमधील एका कलादालनात ईव्ह क्लाइनने निमंत्रितांसमोर एक प्रयोग केला. वादकांनी एकच स्वर वीस मिनिटे वाजवला आणि नंतर तितकाच वेळ शांतता राखली. त्या काळात तीन नग्न स्त्रिया अंगाला निळा रंग लावून कागदावर आपले ठसे उमटवीत होत्या. क्लाइन औपचारिक पोशाखात, हाताला रंग न लागू देता, सूचना देत होता. या स्त्रियांना त्याने 'जिवंत कुंचले' म्हटले. कुंचल्याला मत नसते, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. ठसे सुंदर आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु देह येथे माध्यमही राहिलेला नाही, तो उपकरण झाला आहे.

यायोई कुसामाने १९६७ ते १९६९ या काळात न्यूयॉर्कमध्ये जे केले, त्याची दिशा वेगळी होती. सहभागी स्त्री-पुरुषांच्या उघड्या अंगांवर ती स्वतः ठिपके रंगवी. १९६८ मध्ये वॉल स्ट्रीटवर, शेअर बाजारासमोर, तिने असा एक प्रयोग व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात केला. येथे संदेश स्पष्ट आहे, म्हणून 'सामाजिक जाणिवेची कला' या शीर्षकाखाली तो सहज बसतो. मला मात्र संदेशापेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे की ठिपके रंगवणारा हात त्याच गर्दीत, त्याच पोलिसांच्या टप्प्यात होता. क्लाइनसारखे बाजूला उभे राहणे कुसामाने स्वीकारले नाही. तरीही ठिपके तिचे होते. ज्यांच्या अंगावर ते उमटले त्यांचा त्या ठिपक्यांवर कोणता हक्क होता, हा प्रश्न या प्रयोगांत उपस्थितच होत नाही.

तो प्रश्न जेथे कलेच्या केंद्रस्थानी आहे, अशा एका परंपरेकडे आता वळू. मध्य ऑस्ट्रेलियात, ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येस, यूटोपिया नावाचा प्रदेश आहे. हे नाव तेथे गुरे घेऊन आलेल्या गोऱ्या वसाहतकारांचे. टॉमस मोरच्या वाचकाला त्यातील उपरोध सांगावयास नको. जमीन अन्माजेरे आणि अल्यावार या आदिवासींची. तेथील स्त्रियांच्या विधीला आणि त्यासाठी अंगावर काढल्या जाणाऱ्या आकृत्यांनाही 'आवेल्ये' म्हणतात. अंगाला प्रथम चरबी वा तेल चोळले जाते. मग गेरू, पांढरी माती, कोळसा यांच्या रेषा छातीवर, स्तनांवर, दंडांवर बोटांनी किंवा चपट्या काडीने ओढल्या जातात. ओढताना गाणे चालू असते. रेषा आणि गीत एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, कारण दोन्ही एकाच भूमीच्या, तेथील कंदांच्या, प्राण्यांच्या आणि पूर्वजांच्या कथेशी बांधलेली असतात.

मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताने या समांतर रेषांचे सौंदर्य उलगडता येईल. संवाद, विरोध, समतोल ही तिन्ही तत्त्वे तेथे सापडतात, आणि ते विवेचन खोटे ठरणार नाही. पण ती आकृती कोणालाही काढता येत नाही. वडिलांच्या बाजूने ज्यांना ती भूमी मिळाली त्यांचा आकृतीवर हक्क असतो, आणि आईच्या बाजूने जे त्या भूमीशी जोडलेले असतात त्यांच्यावर ती बरोबर काढली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी असते. म्हणजे अधिकार एकट्याचा नाही. ज्याची आकृती आहे त्याला दुसऱ्याच्या देखरेखीवाचून ती वापरता येत नाही. 'कलावंताचे स्वातंत्र्य' ही आपली लाडकी संकल्पना येथे कोठे बसवावी, हे मला उमगलेले नाही. आणि ती बसवलीच पाहिजे, असेही वाटत नाही.

या अधिकाराची कसोटी कायद्यापुढे लागली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रांतासाठी १९७६ मध्ये झालेल्या आदिवासी भूमिहक्क कायद्याने जमिनीच्या पारंपरिक मालकीची व्याख्या करताना तेथील पवित्र स्थळांविषयीची आध्यात्मिक जबाबदारी हा निकष मानला. यूटोपियाच्या दाव्याची सुनावणी त्या दशकाच्या अखेरीस झाली, तेव्हा तेथील स्त्रियांनी अंगावर आवेल्ये रंगवून, गाऊन, नाचून आपला संबंध सिद्ध केला. रंगवलेली त्वचा पुरावा ठरली. दावा मान्य झाला. सामाजिक जाणिवेच्या कलेचे याहून प्रत्यक्ष उदाहरण मला ठाऊक नाही, आणि त्या चित्रात 'संदेश' म्हणावा असे काहीही नव्हते. युद्ध नव्हते, घोषणा नव्हती, शोषणाचे चित्रण नव्हते. कंदाच्या वेली होत्या.

त्याच सुमारास, १९७७ पासून, या स्त्रिया कापडावर बाटिक करू लागल्या होत्या. त्यांच्यातील एमिली कामे उंग्वारे हिने १९८८-८९ मध्ये कॅनव्हासवर रंगवण्यास आरंभ केला, तेव्हा तिचे वय ऐंशीच्या जवळ होते. १९९६ मध्ये ती निवर्तली; म्हणजे चित्रकार म्हणून तिला जेमतेम आठ वर्षे मिळाली. १९९७ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत तिची चित्रे ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या तीन कलावतींच्या कामांत होती. २००७ मध्ये तिचे एक चित्र दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. पाश्चात्त्य समीक्षकांनी तिच्यात अमूर्तवादाची एक मोठी चित्रकर्ती पाहिली. पण तिच्या १९९४ च्या आसपासच्या, पांढऱ्यावर ओढलेल्या जाड पट्ट्यांच्या चित्रांकडे पाहताना त्या पट्ट्या आधी छातीवर आणि दंडावर होत्या हे विसरले, तर आपण लेव्ही-स्ट्रॉसच्या कागदांपाशीच परत येतो.

येथवर अधिकाराच्या संकल्पनेची बाजू घेतली. मराठी वाचकाला मात्र तिच्याविषयी शंका यावयास हवी, आणि ती रास्त आहे. जन्माने मिळणारा अधिकार ही भाषा आपल्याला अनोळखी नाही. ती जातीची भाषा आहे. आपल्या लग्नातील हळदच पाहावी. अंगाला रंग लावण्याचा, स्पर्शाचा, गाण्याचा, नात्यांचा असा तो सोहळा आहे. नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीला लागते, म्हणजे रंग एका देहावरून दुसऱ्या देहावर जातो. वरवर पाहता आवेल्येशी साम्य मोठे आहे. पण हळद लावण्याचा मान सवाष्णींचा. विधवेने, मग ती वराची आई का असेना, दूर उभे राहावे, हा दंडक कित्येक घरांत अजून मोडलेला नाही. आणि त्या मांडवात कोणत्या जातीच्या हाताचा स्पर्श चालत नाही, हे सांगण्याची गरजही पडत नसे. ज्या समाजाने माणसांच्या एका मोठ्या समूहाला स्पर्शाच्या निषेधावरूनच नाव दिले, तेथे स्पर्शावर उभ्या असलेल्या कलेचा विचार 'अधिकार' हा शब्द निर्धास्तपणे उच्चारून करता येणार नाही.

दलित साहित्याच्या चर्चेत अधिकाराचा प्रश्न वेगळ्या रीतीने आला. दलितांविषयी कोणी लिहावे, या वादात जन्मापेक्षा भोगलेल्या अनुभवाला प्रामाण्य देण्यात आले. शरद पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) यांच्या भूमिका भिन्न आहेत. तरी सौंदर्याचे निकष कोणी ठरवले, हा प्रश्न दोघांनीही टाळला नाही. यूटोपियाच्या स्त्रियांचा अधिकार अनुभवातून आलेला नाही, तो कुळातून आलेला आहे. मग त्याला जातीच्या अधिकाराहून वेगळे कसे मानावयाचे?

मला दिसणारा फरक असा. जातीचा अधिकार दुसऱ्याला जमीन, ज्ञान आणि स्पर्श नाकारून उभा राहतो. आवेल्येतील अधिकार दुसऱ्या कुळाच्या साक्षीविना पूर्णच होत नाही. त्याच्या रचनेतच दुसऱ्याचा हात आहे. इतिहासात तो वापरला गेला तोही जमीन हिरावून घेणाऱ्यांविरुद्ध. हे उत्तर पुरेसे आहे असा माझा दावा नाही. त्या परंपरेतही स्त्री-पुरुषांचे विधी वेगळे आहेत, गुप्तता आहे, आणि बाहेरच्याने तिचे गोडवे गाण्यात भाबडेपणाचा धोका आहेच. परंतु देहचित्र पाहताना 'यात काय सांगितले आहे' याआधी 'हा हात कोणाचा, ही त्वचा कोणाची, आणि रेष चुकली तर ती दुरुस्त करावयास कोण येईल' हे विचारावे लागते, एवढे या तुलनेतून निघते. क्लाइनच्या दालनात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फक्त क्लाइन होते. कुसामाच्या ठिपक्यांत चूक संभवतच नव्हती. यूटोपियात ती रेष दुरुस्त करणारी बाई शेजारीच बसलेली असे, आणि तीही गात असे.