‘द इम्पोस्टर’ : हरवलेल्याच्या जागी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सात-आठ जणांनी एकाच लॅपटॉपवर ‘द इम्पोस्टर’ हा माहितीपट पाहिला. तपकिरी डोळ्यांचा, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारा 23 वर्षांचा माणूस एका निळ्या डोळ्यांच्या अमेरिकन पोराच्या जागी जाऊन बसतो आणि घरचे त्याला मिठी मारतात. आम्ही व्हिडिओ थांबवून हसलो होतो. ‘एवढं कसं कळत नाही यांना?’ पुढची दोन वर्षं भेटेल त्याला मी हा चित्रपट सुचवत होतो. मागच्या महिन्यात पुन्हा बघायला बसलो, तर हरवलेल्या मुलाचं नावच मला आठवेना. भामट्याचं नाव मात्र तोंडपाठ.

मुलाचं नाव निकोलस बार्कले. वय 13, गाव टेक्सासमधलं सॅन अँटोनियो. 13 जून 1994ला तो मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळत होता. मग सार्वजनिक फोनवरून त्याने घरी फोन केला, न्यायला या म्हणून. आई रात्रपाळी करायची, ती झोपली होती. थोरल्या भावाने तिला उठवलं नाही, चालत ये म्हणाला. त्यानंतर निकोलस आजवर सापडलेला नाही. असेल तर आता त्याने चाळिशी ओलांडली असेल.

आमच्याकडे एखादी सिस्टिम कोसळली की आधी लॉगमधली शेवटची ओळ बघतात. इथे शेवटची ओळ म्हणजे हा फोन. चित्रपट ती वाचतो आणि लगेच पुढे सरकतो, कारण त्याला स्पेनला जायची घाई आहे.

ऑक्टोबर 1997. स्पेनमधल्या लिनारेस गावात फ्रेडरिक बुर्दँ अल्पवयीन असल्याचं भासवून मुलांच्या आश्रयगृहात शिरलाय. तिथल्याच ऑफिसातून अमेरिकेत फोन लावून तो एका बेपत्ता मुलाची माहिती काढतो. केस रंगवतो, निकोलसच्या अंगावर होते तसे टॅटू गोंदवून घेतो. डोळ्यांचा रंग? तो म्हणे अपहरण करणाऱ्यांनी बदलला. निकोलसची बहीण विमानाने येते, ओळखते, घरी घेऊन जाते. जवळजवळ पाच महिने तो त्या घराचा मुलगा असतो.

बार्ट लेटनचा हा 2012चा पहिलाच मोठा चित्रपट. त्याला पदार्पणाचं बाफ्टा मिळालं आणि ते उगीच नाही. मुलाखतीतलं वाक्य मध्येच पुनर्निर्मित प्रसंगातल्या नटाच्या तोंडी जातं आणि खरं कुठे संपलं ते कळत नाही. बुर्दँ थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्याकडे, बघून बोलतो. गोड बोलतो. तासाभरात तुम्ही त्याच्या बाजूचे झालेले असता.

हॉस्टेलमधला तो हसण्याचा प्रसंग आता मला छळतो, त्याला कारण आहे. माझे एक काका पंधराव्या वर्षी घरातून गेले, माझ्या जन्माच्या दहा वर्षं आधी. अमक्या स्टँडवर दिसला, तमक्या हॉटेलात कपबशा धुतो, असं कुणी ना कुणी सांगायचं आणि आजोबा खिशात फोटो घालून निघायचे. एकदा मनमाडला एका पोरासमोर ते बसले. हा आपला नाही, हे त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. तरी चहा मागवला. ‘अर्धा तास मला उठवेना,’ एवढंच ते सांगायचे. आजीने रेशनकार्डावरचं नाव शेवटपर्यंत कापू दिलं नाही. मनमाडचा पोरगा त्या अर्ध्या तासात ‘बाबा’ म्हणाला असता तर आजोबांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. डोळ्यांच्या रंगावर हसणं आता मला जमत नाही.

म्हणून माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. त्या पाच महिन्यांत निकोलस ‘सापडलेला’ होता, आणि सापडलेल्या मुलाला कुणी शोधत नाही. बुर्दँची सगळ्यात मोठी चोरी हीच. चित्रपट मात्र तिच्याकडे गंमत म्हणून बघतो. चार्ली पार्कर नावाचा खासगी डिटेक्टिव्ह फोटोतले कान ताडून पाहतो, एफबीआयच्या नॅन्सी फिशर मागे लागतात, बोटांचे ठसे घेतले जातात, बुर्दँला सहा वर्षांची शिक्षा होते. इथे चित्रपट निकोलसकडे परत येऊ शकला असता. तो येतो, पण बुर्दँचा हात धरून. निकोलसचं काय झालं ते घरच्यांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी मला ठेवून घेतलं, असं बुर्दँ म्हणतो आणि शेवटचा अर्धा भाग त्या संशयावर चालतो. पार्कर आणि फिशर यांनाही शंका होती, हे खरं. पण कुणावरही गुन्हा दाखल झाला नाही. फोन उचलणारा भाऊ 1998मध्येच अमली पदार्थाच्या अतिसेवनाने वारला. त्याच्या बाजूने बोलायला तो नाही. शेवटी जुन्या घराच्या परसात खड्डा खणला जातो. त्यात काही सापडत नाही. पण संशय प्रेक्षकाच्या डोक्यात बसायचा तो बसतोच.

हॉस्टेलमधल्याच एका मित्राशी यावरून परवा वाद झाला. तो म्हणाला, ‘अरे, तेच तर दाखवायचंय. ते फसले तसे आपणही फसतो.’ मान्य, आणि युक्ती हुशार आहे. पण ती साधायला एक खरं कुटुंब वापरलंय, आणि दिवे लागल्यावर आपण चर्चा करतो ती बुर्दँची.

बघू नका असं मी म्हणणार नाही. मला फक्त त्या फोनची अजून दहा मिनिटं हवी होती. फोन कुठल्या रस्त्यावर होता, तिथून घर किती लांब, 13 वर्षांच्या पोराला चालत किती वेळ लागेल, वाटेत दुकानं होती की मोकळं रान. खड्ड्यापाशी कॅमेरा थांबतो. त्या वाटेवर तो थांबत नाही.