रिपोर्ट नॉर्मल आहे

कॅन्सरच्या आपल्या गोष्टी दोनच ठिकाणी संपतात. एक तर माणूस जातो, ‘आनंद’सारखा, नाहीतर शेवटची किमो होते आणि घरात पेढे येतात. पेढ्यांनंतरचं कुणी फारसं सांगत नाही. म्हणून संदीप सावंतांचा ‘श्वास’ (२००४) मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. परशुरामच्या डोळ्यांत कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. वाचण्याची किंमत असते, हे हा सिनेमा लपवत नाही. ती किंमत पोराला सांगायची कशी, यावरच तो उभा आहे. अरुण नलावडेंच्या आजोबांचा चेहरा आठवला तरी पुरे.

पण माझी तक्रारही इथूनच सुरू होते. परशुरामचं जे जातं ते सगळ्यांना दिसतं. न दिसणारं गेलं तर?

शेंदूरजनाघाटला आमच्या संत्राबागेचा हिशोब आई तोंडी ठेवायची. आंबियाचे किती कॅरेट गेले, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती बाकी, सगळं. स्तनाच्या कॅन्सरची किमो झाल्यावर तिला ‘चाळणी’ हा शब्द सापडेना. “अरे, ते दे न बाप्पा, पीठ गायतो आपन ते.” आम्ही हसलो, तीही हसली. मग व्यापारी आला की ती आतल्या खोलीत जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहे.

ते खोटं नव्हतं. याला ‘किमो ब्रेन’ म्हणतात आणि नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुतेकदा काही दिसत नाही. शब्द अडतात, लक्ष टिकत नाही, दोन कामं एकदम झेपत नाहीत. नावात किमो असली तरी हार्मोनच्या गोळ्या, थकवा, मोडलेली झोप, चिंता यांचाही वाटा असतो. काहींना तर उपचारांआधीच सुरुवात झालेली असते. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींचं वर्षानुवर्षं रेंगाळतं.

विसरण्यावर मराठीत ‘अस्तु’सारखा सुंदर सिनेमा आहे. मोहन आगाशेंचे अप्पा हत्तीमागे निघून जातात, तेव्हा त्यांच्यापुरतं सगळं ठीक असतं. त्रास मुलीला होतो. आईचं उलट होतं. बाहेरून सगळं ठीक, आणि काय निसटतंय ते फक्त तिला माहीत. “मी येडी त नाई ना होऊन राहिली?” हे तिनं मला फोनवर विचारलं, बाबा घरात नसताना. ‘अस्तु’ची भाषा या प्रश्नाला पुरत नाही आणि ‘श्वास’चीही नाही.

तिनं स्वतःच मार्ग काढला. किल्ली एकाच खिळ्याला. कालनिर्णयच्या चौकटीत गोळ्या आणि फवारणी. एका वेळी एकच काम, भाजी फोडणीला असताना फोन नाही. सकाळी बागेपर्यंत चालणं. (समुपदेशकही साधारण हेच सांगतात, फक्त पॉवरपॉइंटवर.)

यात नाट्य नाही, असं पटकथाकार म्हणतील. मला तर भरपूर दिसतं. व्यापारी खाटेवर बसलाय. बाई आकडा सांगता सांगता अडते. तो बाबांकडे बघतो. बाई उठते, वही आणते, पान शोधायला हवा तेवढा वेळ घेते, आणि तोवर त्याला थांबावं लागतं.