शस्त्र आणि संहिता : जुन्या बंदुकांच्या संग्रहविश्वातील बनावट पूर्वेतिहास

जुने शस्त्र हे मुके असते. त्याची नळी कशी घडविली गेली, दस्त्याला कोणते लाकूड वापरले, त्याची दुरुस्ती केव्हातरी झाली आहे किंवा नाही, एवढे ते जाणकारास सांगू शकते. परंतु ते कोणाच्या कमरेला होते आणि कोणत्या रणांगणावर झाडले गेले, हे त्यास सांगता येत नाही. हे दुसरे काम शस्त्राबरोबर येणारी संहिता करीत असते : नळीवरील कोरीव अक्षरे, पेटीवरील पट्टी, वंशजाचे शपथपत्र, जुने पत्र, तज्ज्ञाचा दाखला. सामान्य कोल्ट रिव्हॉल्व्हर आणि एखाद्या नामांकित पुरुषाचे कोल्ट रिव्हॉल्व्हर यांच्या पोलादात काडीचाही भेद नसतो. त्यांच्या किमतीत मात्र शेकडो पटींचा भेद असतो. हा सर्व भेद संहितेने निर्माण केलेला असल्यामुळे या व्यवहारातील लबाडी ही लोहारकामापेक्षा लेखनकामाच्या सदरात अधिक पडते, आणि म्हणूनच तिची चिकित्सा शस्त्रज्ञाइतकीच पाठचिकित्सकाच्याही अधिकारातील आहे. अमेरिकेतील संग्राहकांच्या जगात या दृष्टीने विचार करण्याजोगी सामग्री विपुल आढळते.

प्रथम बॅट मास्टरसन याचे उदाहरण घ्यावे. कॅन्सस प्रांतातील डॉज सिटीचा हा एके काळचा शेरीफ उत्तरायुष्यात न्यूयॉर्कला येऊन क्रीडावृत्तलेखक झाला आणि १९२१ मध्ये वारला. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, त्याचे जुने पिस्तूल मागणाऱ्या एका चिकट संग्राहकाचा पिच्छा सोडविण्यासाठी त्याने गहाणवटीच्या दुकानातून एक जुनाट कोल्ट विकत आणले, त्याच्या दस्त्यावर चाकूने बावीस खाचा पाडल्या, आणि ते त्याच्या हवाली केले. खाचा किती माणसे मारली त्याची मोजदाद दाखवितात, हे संग्राहकाने न सांगताच मानले. (ही आख्यायिकाही मुखपरंपरेनेच आलेली आहे, आणि लबाडीची गोष्ट म्हणून ती विनाचौकशी खरी मानणारे वाचक त्या संग्राहकाहून फारसे शहाणे ठरत नाहीत.) याच मास्टरसनने कोल्ट कारखान्यास लिहिलेली पत्रे मात्र उपलब्ध आहेत. १८८५ मधील एका पत्रात तो निकेलचा मुलामा दिलेले आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर मागतो. चाप अगदी हलका असावा आणि नळीवरील माशी नेहमीपेक्षा थोडी उंच व जाड असावी, एवढेच त्याचे म्हणणे आहे. त्यात रक्तपाताचा उल्लेख नाही. एखाद्या सुताराने रंध्याची मागणी नोंदवावी, तसा त्याचा सूर आहे.

या दोन संहिता शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. खरा पूर्वेतिहास हा बहुधा रुक्ष असतो. बनावट पूर्वेतिहास रसाळ असतो. खऱ्या कागदात अनुक्रमांक, नळीची लांबी, मुलामा, रवानगीची तारीख आणि माल घेणाऱ्या दुकानाचे नाव असते. खोट्या कागदात आजोबांची पेटी, मरणसमयीचे उद्गार आणि एखादे सर्वपरिचित नाव असते. शपथपत्रांचा वाङ्मयप्रकार म्हणून कोणी अभ्यास केला तर त्यातील भावना जितकी नेमकी तितकाच क्रमांक संदिग्ध, असा नियम त्याच्या वारंवार प्रत्ययास येईल. हा अनुभव महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनास नवा नाही. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत बखरींना समकालीन पत्रांच्या कसोटीवर घासून पाहिले, आणि अनेक रसाळ प्रसंग तेथे टिकाव धरू शकले नाहीत. बखरकार लबाड होता असे नव्हे. श्रोत्याला काय हवे ते त्याला ठाऊक होते, एवढेच. शस्त्रांच्या बाजारात मात्र श्रोत्याची भूक आणि विक्रेत्याचा नफा यांची गाठ पडते.

संग्राहकाची ही भूक कशी निर्माण होते, याचे उत्तम उदाहरण विंचेस्टर कंपनीच्या ‘हजारांत एक’ या रायफलीचे आहे. १८७५ च्या सूचिपत्रात कंपनीने असे जाहीर केले की, ज्या नळ्या चाचणीत विशेष अचूक ठरतील त्या निराळ्या काढून उत्तम सजावटीच्या रायफलींना बसविल्या जातील, त्यांवर तशी अक्षरे कोरली जातील आणि अशा रायफलीची किंमत शंभर डॉलर राहील. १८७३ च्या नमुन्याच्या सात लक्षांहून अधिक रायफली कालांतराने तयार झाल्या. त्या मानाने ‘हजारांत एक’ सातशेच्या वर निघावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या नमुन्यातील अशा रायफलींची संख्या दीडशेच्याही आतच राहिली. म्हणजे नळीवरील अक्षरे ही गणिती विधान नव्हेत, ती जाहिरात होती, आणि ती कंपनीने लवकरच सोडून दिली. पुढे १९५० मध्ये जेम्स स्टुअर्ट नायक असलेला ‘विंचेस्टर ७३’ हा चित्रपट निघाला. त्याच्या प्रसिद्धीसाठी निर्मात्यांनी देशभर अशा खऱ्या रायफलींचा शोध मांडला, आणि त्यानंतर माळ्यावर पडलेल्या वस्तूला एकाएकी कीर्ती व किंमत दोन्ही लाभल्या. जाहिरातीचे शब्द पाऊण शतकाने ऐतिहासिक लेखाच्या पदवीला पोचले!

ज्या वस्तूचे मोल चार शब्दांत आहे, तिची नक्कल करण्यास चार शब्द कोरता येणे पुरेसे असते. खऱ्या जुन्या परंतु सामान्य रायफलीवर ही अक्षरे कोरली की पोलाद खरे, लाकूड खरे, झीज खरी, आणि लेख तेवढा खोटा, अशी वस्तू तयार होते. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा शुद्ध प्रक्षेप होय. अस्सल पोथीत घातलेली एक ओवी. त्यावरचा उतारा म्हणजे कारखान्याच्या वह्या. विंचेस्टरच्या बऱ्याच जुन्या मालिकांच्या नोंदवह्या वायोमिंगमधील कोडी येथील बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संग्रहालयात सुरक्षित आहेत, आणि अनुक्रमांक दिल्यास त्या क्रमांकाची बंदूक कारखान्यातून कोणत्या स्वरूपात बाहेर पडली याचा दाखला मिळू शकतो. परंतु लबाडीही शिकत असते. वही हा निर्णायक पुरावा ठरला, तेव्हा लबाडाने वहीच वाचावयास घेतली : ज्या क्रमांकाची विशेष बंदूक उजेडात आलेली नाही तो क्रमांक हेरावयाचा, सामान्य बंदुकीवरचा मूळ आकडा घासून काढावयाचा आणि तेथे नवा आकडा ठोकावयाचा. आता लेख वहीशी तंतोतंत जुळतो. रुक्षतेचीही नक्कल करता येते, हे यावरून सिद्ध होते. म्हणून रुक्षता हे सत्याचे लक्षण असले तरी प्रमाण नव्हे. अशा वेळी पुन्हा पोलादाकडेच वळावे लागते. घासलेली जागा भोवतालच्या पातळीहून किंचित खोल असते, आणि नव्या ठशाच्या कडा जुन्या झिजेशी विसंगत दिसतात.

जेथे वहीच नाही तेथे परिस्थिती अधिक बिकट. कोल्ट कारखान्याला १८६४ मध्ये मोठी आग लागली, आणि आरंभीच्या काळातील नोंदी त्रोटकच उरल्या आहेत. १८४७ मध्ये व्हिटनीव्हिल येथे तयार झालेली ‘वॉकर’ जातीची रिव्हॉल्व्हरे अवघी अकराशेच्या सुमारास होती. २०१८ मध्ये त्यांपैकी एकास लिलावात अठरा लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. थोडी संख्या, अपुऱ्या नोंदी आणि अफाट किंमत हे तीन ग्रह एकत्र आले म्हणजे काय घडेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

प्रक्षेपाप्रमाणे लोप हाही बनावटीचा एक मार्ग आहे. १९५० नंतरच्या दशकात, यादवी युद्धाच्या शताब्दीच्या तोंडावर, इटलीतील ब्रेशा प्रांतातल्या कारागिरांकडून जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती तयार करवून घेण्यास प्रारंभ झाला. त्यांवर इटालियन परीक्षणगृहाचे ठसे आणि वर्षाचा संकेत असे. कारागिराने काहीच लपविले नव्हते. पुढे कोणीतरी ते ठसे घासून टाकतो, पोलादाला आम्लाने गंज चढवितो, आणि दक्षिणेकडील संस्थानांच्या सैन्यासाठी बनलेले पितळी चौकटीचे दुर्मिळ रिव्हॉल्व्हर म्हणून ते विकतो. येथे खोटा शब्द लिहावा लागत नाही. खरा शब्द खोडला की पुरते.

तिसरा प्रकार लेखनप्रमादाचा. खैबरच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, ब्रिटिश बंदुकांच्या प्रतिकृती करण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या बंदुकांवर राणी व्हिक्टोरियाची मुद्रा आणि १९०१ नंतरचे वर्ष एकत्र आढळते. राणी १९०१ च्या जानेवारीतच निवर्तली होती. रोमन लिपीतील काही अक्षरे उलटी कोरलेली असतात. हे प्रमाद पाहून त्या कारागिरांस सरसहा लबाड ठरविण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची वाटते. पोथीचा लेखक मूळ प्रतीची पुष्पिका तिच्यातील शकासह जशीच्या तशी उतरवून ठेवतो, तद्वतच या कारागिराने ठसा हा बंदुकीचा एक अवयव समजून उतरविला. त्याला झाडता येणारी बंदूक करावयाची होती, पुराणवस्तू नव्हे. तीच बंदूक परदेशी सैनिकाला वा प्रवाशाला ‘अफगाण युद्धातली’ म्हणून विकणाऱ्याने लबाडी केली, आणि ती त्याच्या बोलण्यात आहे, कारागिराच्या ठशात नाही.

येथवरची उदाहरणे खोट्यास खरे म्हणण्याची झाली. याच्या उलट खऱ्यास खोटे किंवा हलके म्हणण्याची लबाडी अधिक घातक असूनही तिची चर्चा कमी होते. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘अँटीक्स रोडशो’ या कार्यक्रमात जुन्या शस्त्रांचे मूल्य सांगणाऱ्या दोन व्यापाऱ्यांचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांपैकी एकाने कार्यक्रमाच्या आरंभीच्या काळात एका तलवारीची मोठी किंमत सांगितली. तलवारीचा मालक म्हणून आलेल्या गृहस्थाने लहानपणी आपण तिने कलिंगडे कापीत असू, असे सांगून प्रेक्षकांस हसविले होते. तो सर्व प्रसंग आधी ठरवून रचलेला होता. या प्रसिद्धीच्या बळावर यादवी युद्धातील सेनानींचे वंशज आपल्या वस्तू विश्वासाने त्यांच्याकडे आणू लागले. जनरल मीड यांस भेट मिळालेले रिव्हॉल्व्हर त्यांच्या वंशजाकडून सुमारे एक लक्ष ऐंशी हजार डॉलरांस घेतले गेले आणि त्याच्या दुपटीहून अधिक किमतीला पुढे विकले गेले. दुसऱ्या एका कुटुंबास त्यांच्या पूर्वजाचा गणवेश अस्सल नाही असे सांगण्यात आले. तो गणवेश मात्र गुपचूप विकला गेला. २००१ मध्ये खटला उभा राहिला, दोघांनीही गुन्हा कबूल केला, आणि २००२ मध्ये त्यांपैकी एकास कारावास व आठ लक्षांहून अधिक डॉलरांच्या भरपाईची शिक्षा झाली. त्या कुटुंबांचे नुकसान पैशांत भरून निघाले असेलही. परंतु जे घर आपल्या पूर्वजाचा गणवेश खोटा मानून बसले, त्याच्या स्मृतीचे नुकसान कोणत्या न्यायालयाने मोजावे? संशय ही संशोधकाची शिस्त आहे. व्यापाऱ्याच्या हाती ती घासाघिशीचे हत्यार होते.

अकारण संशयाचे निरसन कसे करावे, याचा धडा लिंकनच्या हत्येच्या पिस्तुलाने दिला आहे. १४ एप्रिल १८६५ रोजी बूथने वापरलेले फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर याच्या घडणीचे ते लहानसे पिस्तूल वॉशिंग्टन येथील फोर्ड नाट्यगृहाच्या संग्रहालयात आहे. डेरिंजरच्या हयातीतच त्याच्या नावाचा खोटा ठसा इतका बोकाळला होता की, त्याने कॅलिफोर्नियातील एका विक्रेत्याविरुद्ध दावा लावला, आणि त्या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६५ मध्ये दिलेला निकाल व्यापारचिन्हांच्या कायद्यात आजही उद्धृत केला जातो. त्याच्या नावात एका अधिक ‘र’ची भर पडून त्या जातीच्या कोणत्याही खिशातल्या पिस्तुलाचे ते सामान्यनाम झाले, ही गोष्ट निराळी. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशी वदंता उठली की, मूळ पिस्तूल चोरांनी पळविले असून त्याच्या जागी प्रतिकृती ठेवली आहे. १९९७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाच्या प्रयोगशाळेने १९३० नंतरच्या दशकातील जुन्या छायाचित्रांशी ते पडताळून पाहिले. धातूवरील गंजाचे खड्डे आणि लाकडाची भेग यांचा मेळ बसला, आणि पिस्तूल मूळचेच ठरले. येथे उपयोगी पडली ती थोरांची साक्ष नव्हे. ज्या भेगेकडे कोणी कधी कौतुकाने पाहिले नसेल, ती पडली.

याच प्रकारची चिकित्सा महाराष्ट्राच्या अगदी निकटच्या एका शस्त्रास लागू पडते. ते बंदूक नसले तरी त्याचा पूर्वेतिहासही एका पेटीवरील मजकुरावर उभा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यास प्रदर्शनार्थ आणली गेली. त्यांच्या पेटीवरील इंग्रजी लेखात ही शिवाजीची वाघनखे असून त्यांनी मोगल सेनापतीस मारले, आणि ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असता ती पेशव्यांच्या प्रधानाने त्यास दिली, असा आशय आहे. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ मध्ये तो प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफला हा भेद पूर्णपणे ठाऊक होता. तेव्हा पेटीवरील शब्द त्याचे स्वतःचे असणे कठीण दिसते. ते त्याच्या घरात मुखपरंपरेने उतरले असावेत. यावरून वाघनखे खोटी ठरत नाहीत. खोटी ठरते ती त्या लेखाची साक्ष देण्याची योग्यता. संग्रहालयाने स्वतः या वस्तूविषयी जी भूमिका घेतली आहे, ती या संपूर्ण व्यवहारात विरळाच आढळते : पेटीवर काय लिहिले आहे ते त्याने नमूद केले, आणि अफजलखानाच्या वधाच्या वेळी हीच नखे वापरली गेली असे सिद्ध करता आलेले नाही, हेही त्यास जोडून सांगितले.