धूमकेतूची उपमा

एखादा माणूस अवचित दारात उभा राहिला, की "अगदी धूमकेतूसारखा उगवला" असे आपण म्हणतो. मीही माझ्या एका कादंबरीत, घर सोडून गेलेल्या आणि बारा वर्षांनी एका रात्रीपुरत्या परतलेल्या काकाबद्दल "धूमकेतूसारखा आला नि धूमकेतूसारखा गेला" असे लिहून मोकळा झालो होतो. वाक्य माझ्या फार आवडीचे. गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीने ती कादंबरी वाचली आणि मधल्या सुट्टीत येऊन विचारले, "सर, तुमचा काका परत येणाऱ्या धूमकेतूसारखा, की न येणाऱ्या?"

मला उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेर पाहणारा. पण त्या प्रश्नाने मला एडमंड हॅलेच्या १७०५ सालच्या निबंधापाशी नेऊन बसवले. आज परीक्षण करायचे आहे ते त्याचे. फराळाच्या ताटाशेजारी कोष्टक कशाला, असे म्हणू नका. त्यात गोष्ट आहे.

निबंधाचा गाभा म्हणजे चोवीस धूमकेतूंच्या कक्षांचे कोष्टक. शेंडेनक्षत्र दिसले, की ते कोणत्या ताऱ्यांजवळ आहे याचे वेध रोज रात्री टिपून ठेवायचे; निरनिराळ्या रात्रींचे तीन वेध हाती आले, की न्यूटनच्या रीतीने कक्षा मांडता येते. मात्र ती कच्ची. वेधात केसाएवढी चूक झाली, तर कक्षा कुठल्या कुठे सरकते. म्हणून पुढचे वेध घेत राहायचे आणि आपली रेघ पुसून पुन्हा काढायची.

हॅलेच्या ध्यानात आले, की १५३१, १६०७ आणि १६८२ या सालच्या धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ एकच आहेत. हे तीन पाहुणे नव्हेत. एकच पाहुणा तीनदा आला! अडचण एवढीच, की दोन फेऱ्यांमधला काळ सारखा नव्हता. एकदा शहात्तर वर्षांहून अधिक, एकदा पंचाहत्तरांहून किंचित कमी. एखाद्या सामान्य लेखकाने ही खोट झाकली असती. हॅलेने ती उघड मांडली, ग्रहांच्या ओढीने असे होत असावे असे सुचवले, आणि तो १७५८ साली परत येईल असे भाकीत केले. १७४२ साली तो वारला. आपले वाक्य खरे ठरलेले पाहायला आपण नसणार, हे ठाऊक असूनही त्याने ते छापले.

पुढचा अंक पॅरिसचा. क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत ही विदुषी, अशा तिघांनी गुरू आणि शनी यांच्या ओढीचा हिशेब केला. लालांद आणि लपोतबाई सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवतानाही, आकडेमोड करीत होते. नोव्हेंबर १७५८ मध्ये क्लेरोने सांगितले, की धूमकेतू एप्रिलच्या मध्याला सूर्याच्या सर्वांत जवळ येईल; महिनाभर इकडेतिकडे. नाताळच्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला तो दिसला, आणि १३ मार्च १७५९ रोजी सूर्याला वळसा घालून गेला. या अंकात मला एकच गोष्ट खटकते: क्लेरोने आपल्या ग्रंथात लपोतबाईंचे श्रेय नोंदवले नाही. ते लालांदने लिहून ठेवले.

पण सगळेच धूमकेतू परत येत नाहीत. ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियात गेनादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू शोधला. पहिल्या रात्री तो इतरांसारखाच वाटावा असा होता. थोड्याच दिवसांच्या वेधांनी दाखवले, की त्याची वाट कधी मिटतच नाही. तो आपल्या सूर्यमालेचा नव्हेच. आला तसा कायमचा जाणारा.

म्हणजे उपमा खोटी नव्हती. मी आळशी होतो. काकाचे दोन-तीन वेध घेतले, एक रेघ ओढली आणि पुढे त्याच्याकडे पाहिलेच नाही. तो का गेला, त्याला कोणाची ओढ होती, हा हिशेब मी केलाच नाही. आपल्या पुष्कळ कादंबऱ्यांतली माणसे अशीच पहिल्या भेटीतल्या रेघेवर शेवटपर्यंत चालतात.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. हॅलेचा धूमकेतू २०६१ साली येईल. तो तिला दिसेल, मला बहुधा नाही. कादंबरीची नवी आवृत्ती मात्र त्याआधी निघावी. ते वाक्य मी खोडले आहे, आणि काकाला पुन्हा पाहायला बसलो आहे.